कठीण, चिवट आणि बिडाचा तवा

परवा सकाळी धिरडी करायची म्हणून वरच्या फळीवरचा बिडाचा तवा काढत होते. हात ओला होता की आता वयच झालं, कोण जाणे, पण तवा हातातून निसटला आणि थेट शहाबादी फरशीवर! फरशीचा टवका उडाला आणि तव्याचे सरळ दोन तुकडे झाले. माझ्या सासूबाईंचा तवा होता हो तो. त्याच्यावरच्या आंबोळीला जी जाळी पडायची ती नव्या नॉनस्टिकला सात जन्मात पडणार नाही. असो.

आवाज ऐकून सूनबाई धावत आली. आधी माझे पाय बघितले, मग तव्याकडे बघून म्हणाली, "अहो आई, एवढा जाडजूड लोखंडी तवा, फुटतो कसा? तो पोळ्यांचा पातळ तवा महिन्यातून दोनदा पडतो, त्याला साधी चीर जात नाही."

मी दोन्ही तुकडे ओट्यावर ठेवले. तुटलेली कड अगदी करडी, खरखरीत, रव्यासारखी दाणेदार दिसत होती. तिच्यावर बोट फिरवलं आणि मला एकदम १९८३ सालातला आठवी 'ब'चा वर्ग आठवला. सूनबाईला बाकीचं सगळं समजावून सांगितलं, पण त्या वर्गातली एक गोष्ट सांगायची राहिली. ती इथे लिहिते.

आमची शाळा कोल्हापूरकडची, टेक्निकल हायस्कूल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आठवी ते दहावी नेहमीच्या विषयांबरोबर मुलांना वर्कशॉप असायचं. फिटिंग, सुतारकाम, पत्रेकाम, लोहारकाम, विजेचं काम. त्याच्या जोडीला ड्रॉइंग आणि आठवड्याला काही तास थिअरी. मी बी.ए. मराठी घेऊन. निबंध, व्याकरण आणि संतकाव्य शिकवणारी बाई. वर्कशॉपशी माझा संबंध एवढाच की घण पडायला लागले की कविता थांबवून खिडक्या लावून घ्यायच्या.

त्या वर्षी थिअरी शिकवणारे शिक्षक नोकरी सोडून गेले. हेडसरांनी मला बोलावलं. "बाई, पुस्तक मराठीतच आहे आणि तुम्ही मराठीच्याच. वाचून दाखवा, प्रश्नोत्तरं लिहून द्या. सहामाहीपर्यंत माणूस येईल." माणूस काही आला नाही. पुढे अनेक वर्षं ते तास माझ्याच गळ्यात राहिले, आणि कागदावर मात्र दुसऱ्याच कुणाच्या नावावर असत. तो राग आता गेला. (बराचसा गेला.)

पहिलाच धडा होता पदार्थांचे गुणधर्म. काठिण्य, चिवटपणा, ठिसूळपणा, तन्यता, वर्धनीयता, स्थितिस्थापकता. मला तर शब्द बघूनच आनंद झाला. समास सोडवला, प्रत्यय दाखवले की झालं, अर्थ आपोआप उलगडतो अशी माझी समजूत. आदल्या रात्री सगळ्या व्याख्या पाठ केल्या.

वर्गात काठिण्य समजावून देताना मला उदाहरण हवं होतं. मराठीच्या बाईला दुसरं काय सुचणार? तुकोबांच्या अभंगातला हिरा! ऐरणीवर ठेवून घण मारला तरी जो टिकतो तो खरा हिरा, तोच मोलाचा. मी म्हटलं, मुलांनो, घाव सोसण्याची ताकद म्हणजे काठिण्य. हिरा सगळ्यात कठीण, म्हणून तो फुटत नाही. वर्ग गप्प बसून ऐकत होता. मला वाटलं, जिंकलं.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे वडील फौंड्रीत कामाला होते, स्वतःही सुट्टीत तिकडे जायचा. म्हणाला, "बाई, कानस लई कठीण असती. लोखंडाला खाती. पर हातातनं पडली की मोडती. मग ती कठीण का मऊ?"

वर्ग हसला. आज कळतं, ते त्याच्या बोलण्याच्या पद्धतीला हसले होते. मला तेव्हा वाटलं, मला हसले. मला उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नाही हे त्याला कळलं आहे असंही वाटलं. मी म्हटलं, "फार शहाणा झालास. तुकाराम महाराजांपेक्षा तुला जास्त कळतं का? बाहेर उभा राहा." तो तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभा राहिला.

व्हरांड्याच्या पलीकडेच वर्कशॉप. तिथल्या सरांनी त्याला बघितलं, काय झालं ते विचारलं. मला मात्र ते काही बोलले नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चपराशाकडून निरोप आला, "बाईंना म्हणावं पाच मिनिटं या."

वर्कशॉपमध्ये मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. तेलाचा आणि जळक्या कोळशाचा वास. सरांनी एक झिजलेली कानस व्हाइसमध्ये उभी धरली, तिच्यावर फडकं टाकलं, मला लांब उभं केलं आणि हातोडीचा एकच टोला दिला. टक् असा आवाज झाला आणि कानस तुटली. मग तेवढ्याच जाडीची साध्या लोखंडाची सळी लावली. टोला, टोला, टोला. सळी वाकत गेली, पण तुटली नाही. मग कानशीच्या तुकड्याने त्या सळीवर ओरखडा काढला. कोवळ्या काकडीवर नख उमटावं तसा उमटला. उलटं करून दाखवलं, सळीने कानशीवर काहीच उमटेना.

"ओरखडा कोण कुणावर काढतो, ते काठिण्य," सर म्हणाले. "घाव कोण पचवतो, तो चिवटपणा. दोन्ही एकाच वस्तूत भरपूर मिळणं अवघड. एक वाढवलं की बहुतेक वेळा दुसरं कमी होतं."

मी विचारलं, मग हिरा?

"हिऱ्याने काचेवर रेघ मारता येते. हिऱ्यावर रेघ मारायची तर हिराच लागतो. पण हातोडा मारा की. भुगा होईल."

मला धक्काच बसला. घरी आले तरी डोक्यातून जाईना. नंतर पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की पहिल्या शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन लेखकानेही हेच लिहून ठेवलं आहे, की खरा हिरा ऐरणीवर ठेवला तर हातोडाच परत उसळतो, आणि तो मऊ करायचा तर म्हणे बोकडाचं ताजं, कोमट रक्त हवं! म्हणजे समजूत फार जुनी आणि फार लांबवरची. तुकोबांना तिथे हिऱ्याची परीक्षा शिकवायची नव्हतीच, त्यांना संतांबद्दल बोलायचं होतं. दृष्टान्ताचा धडा करून शिकवला तो मी.

त्यानंतर बरेच शनिवार मी वर्कशॉपमध्ये घालवले. सर बोलायचे कमी, दाखवायचे जास्त. एवढं मोठं कोडं त्यांनी कणकेतल्या मिठासारखं सोपं करून सांगितलं. लोखंडात कर्ब किती, यावर सगळं. साधं लोखंड, ज्याला ते माइल्ड स्टील म्हणत, त्यात शेकडा पाव भागापर्यंत. कानशीच्या पोलादात शेकडा एक-सव्वा. आणि बिडात शेकडा दोनपासून चारपर्यंत. नेहमीच्या करड्या बिडात हा जास्तीचा कर्ब मावत नाही, तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आत बसतो. पेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट. म्हणून बीड कापणाऱ्या माणसाचे हात काळे होतात. आणि ताण आला की त्या पापुद्र्यांच्या कडेने चीर धावते. माझा तवा फुटला तो असा. पण तेच बीड दाबाखाली ठेवा, कितीही ओझं घेईल. लेथचा बेड बिडाचा करतात, कारण ते पापुद्रे हादरेही जिरवतात.

मला सगळ्यात आवडलं ते छिन्नीला पाणी देणं. मराठीत आपण एखाद्याचं पाणी जोखतो, पाणीदार माणूस म्हणतो. पण पाणी देतात कसं, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. छिन्नी भट्टीत लाल करायची आणि फक्त धारेचं टोक पाण्यात बुडवायचं. चर्रर्र! बाहेर काढून टोक दगडावर चटकन घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या भागातली धग हळूहळू टोकाकडे सरकते आणि चकचकीत धातूवर रंग चालत येतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागून निळा. सव्वादोनशे-तीनशे अंशांच्या दरम्यानचा खेळ. धारेवर जांभळा आला की सगळी छिन्नी पाण्यात. आधी थांबवलं तर धार कठीण राहते, पण तिचे कपचे उडतात. उशीर झाला तर मऊ पडते. आणि छिन्नीचं डोकं मुद्दाम मऊच ठेवायचं, नाहीतर हातोड्याच्या टोल्याने त्याचे तुकडे उडून डोळ्यात जातील. एकाच छिन्नीची एक बाजू कठीण आणि दुसरी चिवट! मी अर्धा तास तिथेच उभी होते, चहा गार झाला.

पुढच्या आठवड्यात मी धडा पुन्हा घेतला. या वेळी मुलांना सांगितलं, घरून एकेक वस्तू आणा आणि ती कशाची आहे, तशीच का आहे, ते सांगा. काय काय आणलं पोरांनी! बैलाच्या पायातली झिजलेली पत्री, सायकलची स्पोक, म्हशीची साखळी, फुटक्या बरणीचा तुकडा, बॅटरीतलं शिसं. एका मुलीने आजीची काशाची वाटी आणली, तूप लावून तळपाय घासायची असते ती. ती म्हणाली, आजी म्हणते ही पडली तर तडकते आणि पितळेची पडली तर नुसती चेपते. तांब्यात कथील भरपूर मिसळलं की कासं होतं, नाद छान येतो, पण ठिसूळपणाही येतो. हे मला सरांकडून कळलं होतं, तिला आजीकडून.

शिशाचा पत्रा ठोकून सहज होतो, पण तार ओढायला गेलं की तुटते. म्हणजे वर्धनीयता आहे, तन्यता फारशी नाही. हे दोन शब्द आधी मीसुद्धा एकच समजत होते. एकाने गुऱ्हाळाचं सांगितलं. चरकाचे रूळ बिडाचे आणि काहील पत्र्याची. का? रुळांना ऊस दाबायचा असतो, वाकायचं नसतं. काहिलीखाली दिवसभर जाळ असतो आणि ती उचलून आपटलीही जाते. तिथे बीड असतं तर पहिल्याच हंगामात तडकलं असतं. सुताराचा मुलगा म्हणाला, गाडीच्या चाकाला बाभूळच, कारण ती धक्के खाते. लोखंडी धाव तापवून बसवतात आणि वर पाणी ओततात, मग ती आवळते, हेही त्यानेच सांगितलं. प्रसरण-आकुंचनाचा धडा पुढे होता, तो तिथेच निम्मा झाला.

मग सगळ्यांना तारेचा एकेक तुकडा दिला आणि इकडे-तिकडे वाकवायला लावला. दहा-पंधरा वेळा वाकवल्यावर ती तुटते. तुटायच्या आधी जागा ताठ होते आणि हाताला गरम लागते. एक मुलगी ओरडली, "बाई, चटका बसला!" कानाकोपऱ्यातून तारा तुटल्याचे आवाज. तांब्याची तार तापवून पुन्हा मऊ करता येते. तांबट हंडा ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतो तो याचसाठी.

इतका चांगला तास मी क्वचितच घेतला असेन. हे सांगायला आज संकोच वाटत नाही, कारण त्याच तासात मी जे केलं नाही ते आता सांगायचं आहे.

त्या तासाला मी काठिण्याची बरोबर व्याख्या सांगितली. कानशीचंच उदाहरण दिलं. वर्गात तुटकी कानस दाखवली. पण मागच्या आठवड्यात मी चुकीचं सांगितलं होतं, हे म्हटलं नाही. आणि ज्याने ते विचारलं होतं त्याचं नाव घेतलं नाही. जणू काही मला सगळं आधीपासून माहीत होतं. तो मागच्या बाकावर बसून ऐकत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, हे मला पक्कं आठवतं.

त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही. नववीतही नाही. दहावीच्या सहामाहीनंतर शाळेत येईनासा झाला. सर म्हणाले, घरची अडचण आहे, वडिलांचा हात भाजलाय, हा कामाला लागला. त्यात माझा दोष नव्हता. पण पदार्थांच्या गुणधर्मांचा धडा आला की दरवर्षी तो व्हरांडा डोळ्यांसमोर यायचा.

१९९६ साली आम्ही मुलांना शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक फौंड्री दाखवायला नेलं. वाळूचे साचे रांगेने मांडलेले, एका बाजूला कुपोला भट्टी, उकाडा असा की बोलायला नको. एक माणूस पुढे आला, डोक्याला फडकं बांधलेलं. "बाई, ओळखलासा का?" भुवया आणि उभं राहायची ढब तीच. मी नावानेच हाक मारली. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तो आता तिथे मोल्डिंगवर होता आणि भट्टीतून धातू निघाला की त्याची परीक्षाही तोच बघायचा. मुलांना म्हणाला, या, गंमत दाखवतो. पाचरीच्या आकाराचा एक लहान ओतीव तुकडा त्याने हातोडीने तोडला आणि तुटलेली बाजू मुलांसमोर धरली. जाड भाग करडा आणि पाचरीचं पातळ टोक चांदीसारखं पांढरं.

"ह्ये एकाच पळीतलं बीड हाय," तो सांगत होता. "टोक पातळ, तिथं लवकर गार झालं, म्हणून पांढरं. मागं सावकाश गार झालं, म्हणून करडं. ह्या पांढऱ्याला कानस लागत न्हाई, इतकं कठीण. पर हातोडा मारला की काच. करड्याला कानस लागती, मशिनवर कापता येतं. म्हणून ओतायच्या आधी ह्ये बगायचं, पांढरं किती आत गेलंय त्ये."

मुलं वाकून वाकून बघत होती. एकाने विचारलं, म्हणजे कठीण असलं तरी वाईट? तो हसला. "वाईट कसं? घासायच्या जागी तेच पायजे. काम कुठलं त्यावर हाय."

त्याच्याइतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं. मला राहवलं नाही. मुलांसमोरच म्हटलं, आठवीत यांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी यांना वर्गाबाहेर उभं केलं. यांचं बरोबर होतं आणि मी चुकले होते.

मला वाटलं, तो म्हणेल, जाऊ द्या बाई, मला आठवतसुद्धा नाही. आपण तशी अपेक्षा करतोच ना मनातून!

त्याने हातातला तुकडा खाली ठेवला. "बाहेर उभं केल्याचं काय न्हाई वाटलं, बाई. मार खायची सवय होती. पर पुढच्या आठवड्यात तुम्ही ते बरोबर सांगितलासा. तवा मला वाटलं, आता माझं नाव घेशिला." जरा थांबून म्हणाला, "घरात सांगून पण ठेवलं हुतं. की बाई बहुतेक नाव घेतील."

मी काही बोलणार तेवढ्यात भट्टीकडून कुणीतरी ओरडलं आणि तो पळाला. धातू निघत होता. आम्हाला मागे सरकायला सांगितलं. लाल-पिवळा रस पळीत पडताना मुलांच्या तोंडावर उजेड आला होता. जाताना त्याने लांबूनच हात केला.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, दरवर्षी तो धडा त्याच्या नावानेच सुरू केला. अमुक नावाच्या मुलाने विचारलं, कानस कठीण का मऊ? मुलं त्याला त्याच्याच नावाचा प्रश्न म्हणायची. मग मी तुटकी कानस बाहेर काढायची. ती सरांचीच, अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. त्या फौंड्रीतून तो नंतर दुसरीकडे गेला, एवढंच कळलं होतं. वर्कशॉपचे सरही आता नाहीत.

तव्याचे तुकडे सूनबाई चिकटवायला बघत होती, मी नको म्हटलं. बिडाला वेल्डिंग करायचं तर आधी सगळं तापवावं लागतं, सावकाश गार करावं लागतं, तरी भरवसा नाही, आणि चुलीवर चढणाऱ्या वस्तूला डिंकबिंक काय कामाचा? भंगारवाल्याला दिले. त्याने तुकडा हातात घेतला, दुसऱ्या तुकड्यावर वाजवला आणि म्हणाला, "आजी, बीड हाय. ह्येचं वेगळं वजन करतो, परत फौंड्रीलाच जाईल."

नवा तवा आणलाय. तेल लावून ठेवलाय, मंद आचेवर दोन-चारदा तापवावा लागेल. आंबोळीला जाळी पडेपर्यंत संक्रांत उजाडेल असं दिसतंय.